अंतराळ वसाहतीची राज्यघटना आणि औंधचे ५०१ चौरस मैल

चंद्रावर वा मंगळावर माणसांची पहिली कायमची वस्ती झाली, तर तिथे राज्य कोणाचे चालेल? बाह्य अवकाशाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६७ साली झाला. त्यानुसार चंद्रावर किंवा कोणत्याही ग्रहावर एखाद्या राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. तिथे उतरलेल्या यानावर आणि त्यातल्या माणसांवर मात्र ते यान ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत असेल त्याचाच अधिकार चालतो. खाजगी कंपनी गेली, तरी तिच्या कृत्यांना तिचे राष्ट्र जबाबदार. थोडक्यात, जमीन कोणाचीच नाही, पण माणसे मात्र कोणाची तरी आहेत! त्या माणसांनी आपला कारभार कसा चालवावा, याबद्दल करार मौन पाळतो.

एडिनबरा विद्यापीठातले खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल यांनी या मौनाची बरीच चिकित्सा केली आहे. जिथे श्वासाची हवाही यंत्रातून येते, तिथे यंत्राची किल्ली ज्याच्या हाती तो सहज हुकूमशहा होऊ शकतो, आणि नाराज माणसाला दार उघडून बाहेर निघून जाण्याचीही सोय नसते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. अशा वस्तीची पहिली घटना बहुधा तिथे राहणाऱ्यांनी लिहिलेली नसेल. ती पृथ्वीवरून कोणीतरी, कंपनीने वा सरकारने, लिहून ‘दिलेली’ असेल.

मग दिलेली लोकशाही कितपत टिकते? दिलेले परत घेता येते का? या प्रश्नाची चाचणी मराठी मुलखात एकदा खरोखर झालेली आहे. ती समजून घेण्यासाठी सुरुवात अक्कलकोटपासून केलेली बरी.

अक्कलकोट म्हटले की आज स्वामी समर्थांचे स्थान आठवते, इतिहासाची आवड असलेल्यांना राजवाड्यातला शस्त्रसंग्रहही. पण या संस्थानाचा जन्मच एका देणगीतून झाला आहे. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत असताना पारद गावी त्यांना विरोध झाला. त्या चकमकीत गावचा पाटील लोखंडे मारला गेला. पाटलाच्या विधवेने आपले मूल शाहूंच्या पायावर घातले. शाहूंनी ते आपले मानले, पहिल्याच फत्तेची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला भोसले हे आडनाव दिले आणि पुढे अक्कलकोटचा मुलूखही दिला. रयतेला कोणी काही विचारले नव्हते. त्या काळात ते कोणाच्या मनातही आले नसते.

विचारले नाही, की लोक वेगळ्या मार्गाने बोलतात. १८३० च्या सुमारास बोरगावचे शंकरराव सरदेशमुख यांच्या नेतृत्वाखाली अक्कलकोट संस्थानात सशस्त्र उठाव झाला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या देखरेखीखाली कारभारात झालेले बदल लोकांना रुचले नव्हते. शेवटी इंग्रजांनी हस्तक्षेप केला आणि कारभार एका इंग्रज अधिकाऱ्याकडे गेला. तक्रार मांडायला सभा नव्हती, म्हणून तक्रार तलवारीच्या टोकावर आली, एवढाच या प्रसंगाचा आपल्या विषयाशी संबंध.

१८४८ साली सातारा राज्य खालसा झाले आणि त्याचे सहा जहागीरदार थेट इंग्रजांच्या छत्राखाली आले. अक्कलकोट, औंध, फलटण, भोर, जत आणि डफळापूर ही ती सहा संस्थाने. त्यांपैकी अक्कलकोटचे क्षेत्रफळ ४९८ चौरस मैल, तर औंधचे ५०१. नकाशावर मोजले तर जवळजवळ जुळी भावंडे. पण या पाचशे एक चौरस मैलांत एका पिढीच्या अवधीत राज्यकारभाराचे इतके निरनिराळे नमुने उभे राहिले, की अंतराळ वसाहतीचा आराखडा आखणाऱ्याने ते पाहून घ्यावेत.

आधी औंधचा भूगोल. तो मोठा विचित्र होता. संस्थान सलग नव्हतेच. औंध एकीकडे, माणदेशातली आटपाडी दुसरीकडे, कृष्णेच्या खोऱ्यातले कुंडल तिसरीकडे आणि कानडी मुलखात विजापूरजवळ गुणदाळ. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर इंग्रजी हद्द ओलांडावी लागे. एकूण ७२ गावे, १९३१ च्या सुमारास लोकसंख्या सुमारे पाऊण लाख. परक्या सत्तेच्या समुद्रातली ही बेटे होती, आणि त्यांतले सर्वांत मोठे बेट, आटपाडी, तर पाण्यासाठी तहानलेले. अवकाशात हवेचा जो प्रश्न, तोच माणदेशात पाण्याचा.

गादीवर होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. सूर्यनमस्काराचा प्रचार, चित्रकला, औंधचे वस्तुसंग्रहालय, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला साहाय्य, अशी या राजाची ओळख सांगितली जाते. ती खरीच आहे, पण त्यामुळे त्यांच्या राज्यकारभारातल्या धाडसाकडे दुर्लक्ष होते.

पहिला नमुना १९१० चा. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखान्यासाठी जमीन शोधत होते. भवानरावांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि पैशाचीही मदत केली. माळावर निवडुंग आणि साप यांखेरीज काही नव्हते. तिथे कारखाना, घरे, शाळा, छापखाना असलेली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीवर ठेवले आणि अस्पृश्यतेला वसाहतीत थारा दिला नाही, या गोष्टी प्रसिद्ध आहेत. पण किर्लोस्करवाडी ही कंपनीची वसाहत होती. नोकरी, घर, शाळा आणि न्याय या साऱ्यांचा उगम एकच. मालक उदार होता म्हणून वसाहत उदार होती. मालक बदलला तर काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेत नव्हते. आज मंगळावर जाऊ पाहणाऱ्या कंपन्यांच्या आराखड्यांतही हीच जागा रिकामी दिसते.

दुसरा नमुना घडण्यासाठी १९३८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनाने संस्थानी प्रजेच्या स्वातंत्र्याचे ध्येय मान्य केले होते. त्रावणकोर, म्हैसूर, राजकोट इथे चळवळी पेटल्या होत्या. बहुतेक संस्थानिक लाठी आणि तुरुंग यांच्या आधारे त्यांना उत्तर देत होते. औंधात मात्र विलक्षण त्रिकूट जमले. सत्तरीला पोहोचलेले राजे. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परतलेले त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत. आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश ज्यू अभियंता, जो म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या निमंत्रणावरून बंगळूरचा सरकारी विद्युत कारखाना चालवायला आला आणि पुढे भारतानंद या नावाने संन्यस्त वृत्तीने राहू लागला. हाच फ्रीडमन उत्तरायुष्यात निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचे इंग्रजी पुस्तक सिद्ध करणार होता. वॉर्सात जन्मलेला माणूस माणदेशातल्या खेड्यांसाठी राज्यघटना रचतो, ही गोष्ट कादंबरीत वाचली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

१९३८ च्या अखेरीस भवानरावांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे गेली. गांधीजींनी त्यात फेरफार सुचवले, त्याहून महत्त्वाचे म्हणजे अटी घातल्या. राजाने साधेपणाने राहावे, आणि अप्पासाहेबांनी घटना लिहून मोकळे न होता औंधात राहून ती राबवावी. कागदापेक्षा माणसे बांधून घेण्याकडे त्यांचा कल होता. जानेवारी १९३९ मध्ये औंधची घटना अमलात आली.

तिची रचना त्या काळच्या इतर ‘सुधारणां’च्या नेमकी उलट होती. दुसरीकडे राजधानीत एक कायदेमंडळ उभे करत, त्यात काही निवडलेले आणि काही नेमलेले सभासद बसवत, आणि खेडी होती तशीच ठेवत. औंधात इमारत पायापासून चढवली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याची सभा बनवायची. तालुक्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रतिनिधी पाठवायचे आणि मंत्र्यांनी त्या मंडळाला जबाबदार राहायचे. मतदाराने थेट मत द्यायचे ते फक्त आपल्या गावात, ज्यांना तो रोज पाहतो अशा माणसांना. शाळा, रस्ता, विहीर हे विषय गावाचे. लहानसहान तंट्यांचा निवाडाही गावातच. वादीला वकील गाठून, भाकरी बांधून, परकी हद्द ओलांडून कोर्टात जाण्याची गरज उरू नये, हा त्यामागचा हेतू.

विखुरलेल्या बेटांच्या संस्थानाला ही रचना शोभणारी होती. दूर असलेले तुकडे राजधानीतून चालवता येत नाहीत, त्यांना स्वतःच्या पायावर उभे करावे लागते. संदेश जायला आणि उत्तर यायला जिथे वेळ लागतो, तिथे निर्णय जागेवरच व्हावा लागतो. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात रेडिओ संदेशाला एका बाजूने जायलाच सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. फ्रीडमनसारख्या अभियंत्याला हे गणित आवडले असते.

पण ‘दिलेले परत घेता येते का’ हा प्रश्न याच महिन्यांत दुसऱ्या एका संस्थानाने फार कडवटपणे सोडवून दाखवला. डिसेंबर १९३८ मध्ये राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी वल्लभभाई पटेलांशी समझोता करून सुधारणा मान्य केल्या आणि जानेवारीत, म्हणजे औंधात घटना लागू होत असतानाच, शब्द फिरवला. मार्चमध्ये गांधीजींना उपोषण करावे लागले, आणि त्यातूनही हाती फारसे लागले नाही. राजकोट आणि औंध यांच्यात फरक कशाचा होता? कायद्याचा नव्हता. दोन्हीकडे सत्तेचा उगम राजाच होता, दोन्हीकडे वर ब्रिटिश सार्वभौमत्व बसलेले होते. फरक एका म्हाताऱ्या राजाच्या इमानाचा होता. औंधच्या घटनेचे मोठेपण सांगताना तिच्या मुळाशी असलेला हा कच्चेपणा लपवण्यात अर्थ नाही.

तिसरा नमुना सर्वांत छोटा, आणि बहुधा सर्वांत मूलगामी. १९३९ सालीच आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. कल्पना फ्रीडमनची. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तुरुंगातून काढून उघड्या जमिनीवर आणायचे, बेड्या काढायच्या, बायकामुलांसह राहू द्यायचे आणि शेती करू द्यायची. भिंत नाही. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली आला आणि बर्लिनपर्यंत गाजला. माडगूळकर स्वतः याच संस्थानातल्या माडगुळ्याचे. म्हणजे ही कथा त्यांना शोधायला जावे लागले नाही.

स्वतंत्रपुराचे महत्त्व सुधारगृह म्हणून जेवढे, तेवढेच राज्यशास्त्राच्या दृष्टीने आहे. सत्ता म्हणजे शेवटी माणसाला कोंडून ठेवण्याची शक्ती, अशी एक रूढ समजूत आहे. इथे राज्यानेच ती शक्ती खाली ठेवली आणि तरी वसाहत चालली. माणूस पळून जाऊ शकत होता. पळून जाता येत असूनही तो थांबला, याला काही किंमत आहे.

याच्या उलट बाजूला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर शिक्षक म्हणून गेलेला तरुण, वाडीने एकजुटीने उभारलेली तालीम, तिच्या उद्घाटनाला आलेले राजे, आणि शेवटी दुष्काळ. पाणी संपते तेव्हा बनगरवाडीची माणसे मेंढरे घेऊन निघून जातात. वाडी रिकामी होते, माणसे जगतात. निघून जाता येणे हा माणदेशी माणसाचा शेवटचा हक्क होता, कोणत्याही सनदेत न लिहिलेला. अंतराळ वसाहतीत नेमका हाच हक्क नसतो. म्हणून औंधची घटना तिथे जशीच्या तशी नेऊन लावली, तर ती अधिक कठोर होईल. पाच पंचांशी पटले नाही तर पलीकडच्या गावी मामाकडे जाऊन राहणे मंगळावर शक्य नाही.

आणि पंच कोण होणार, हा प्रश्न तर त्याहून अवघड. इथे आटपाडीचेच आणखी एक पुस्तक उघडावे लागते. शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ साली आटपाडीत झाला. त्यांचे वडील गावचे तराळ. गावगाड्यात महाराच्या वाट्याला आलेली ती हलकी आणि अवमानाची चाकरी खरातांनी आपल्या आत्मचरित्रात तपशीलवार सांगितली आहे. ते पुढे वकील झाले, लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आत्मचरित्राचे नाव ‘तराळ-अंतराळ’. या लेखाच्या विषयात तो शब्द असा अवचित भेटावा, हा योगायोगच. पण खरातांच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या गावात पाणवठे वेगळे आहेत, त्या गावाच्या हाती सत्ता दिली म्हणजे ती गावातल्या प्रत्येकाच्या हाती गेली असे होत नाही. राजाच्या हातून निसटलेली किल्ली पाटलाच्या कनवटीला लागू शकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप हाच होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेडे हा राज्याचा पाया मानण्याची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली आणि मसुद्याने व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यावर सभेत बरीच नाराजी उमटली. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे कलम, आजचे कलम ४०, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये घालण्यात आले. औंधच्या प्रयोगाकडे केवळ गांधीवादी कौतुकाने पाहणाऱ्यांनी आंबेडकरांचे हे भाषण त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. औंधच्या रचनेत खालून वर जाणारा जिना होता, पण तळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या एकट्या माणसाचे गावापासून रक्षण कोण करणार, याचे पुरेसे उत्तर नव्हते. नव्या वसाहतीत शे-दोनशे माणसे असतील तर ती वसाहत हे एक खेडेच असेल, कितीही यंत्रे असली तरी.

संस्थानाच्या कुंडल भागात दरम्यान एक चौथाच नमुना उभा राहिला, आणि तो कोणीच ‘दिलेला’ नव्हता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले साताऱ्याचे प्रतिसरकार. कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र. इंग्रज पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकळेपणाने शिरता येत नसल्याने भूमिगतांना तिथे आडोसा मिळे. प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, सावकारी आणि गुंडगिरीला आळा घातला, कमी खर्चाची लग्ने लावली. त्याची शिक्षा देण्याची पद्धत मात्र कडक होती, ‘पत्री सरकार’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. लोकांनी स्वतः उभारलेले सरकार आपोआप सौम्य होते असे नाही. पण ते काढून घेण्यासाठी कोणाच्या सहीचा कागद पुरला नसता, हेही तितकेच खरे.

औंधची घटना संपली ती मात्र कागदावरच. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर औंधसह दक्षिणेतल्या काही संस्थानांनी एकत्र संघ करून टिकण्याचा प्रयत्न केला. १९४६ साली त्यांचे प्रतिनिधी पुण्यात गांधीजींना भेटलेही. गांधीजींनी उत्साह दाखवला नाही. संघ रुजण्यापूर्वीच विलीनीकरणाची लाट आली. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच दिवशी अक्कलकोटही. एका संस्थानात नऊ वर्षे पंचायतींचे राज्य होते, दुसऱ्यात नव्हते, पण विलीनीकरणाच्या दप्तरात दोघांची नोंद सारखीच. अक्कलकोट सोलापूर जिल्ह्याचा तालुका झाला, आणि औंधचे तुकडे आपापल्या शेजारच्या जिल्ह्यांना जोडले गेले. विलीनीकरण टाळता आले असते असे नाही, आणि टाळावे असेही म्हणता येणार नाही. देश एक होत होता. तरीही ७२ गावांनी नऊ वर्षांत जे कमावले होते, त्याला नव्या व्यवस्थेत खास जागा मिळाली नाही. महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज्य आले ते १ मे १९६२ रोजी, आणि पंचायतींना संविधानिक दर्जा मिळाला तो ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ मध्ये. त्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी जागा राखीव झाल्या. खरात आणि आंबेडकर यांनी बोट ठेवलेल्या जागेवर निदान एक टाका तरी पडला.

अप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत म्हणून पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, लंडन असे फिरले, आणि त्यांनी औंधवर पुस्तकही लिहिले. भवानराव १९५१ साली गेले. कायदेमंडळ उरले नाही, तालुका सभा उरल्या नाहीत, राजाच्या सहीची घटना अभ्यासकांच्या कपाटात गेली. आटपाडीजवळची ती बिनभिंतींची वसाहत तेवढी मागे राहिली. स्वतंत्रपूर या नावानेच ती आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.